भोंग्याआधी पेटणारी चूल

कारखान्यांची पहिली पाळी सकाळी सहा-सातला सुरू होते, असे आपण सरधोपटपणे म्हणतो. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, निगडीच्या थांब्यांवर पहाटेपासून कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या राहू लागतात आणि खांद्याला पिशवी, डोळ्यांत अर्धी झोप घेऊन माणसे त्यांत चढतात. पण या पट्ट्यात आणखी एक पाळी असते. तिचे कामगार त्याहीआधी दोन-तीन तास कामाला लागलेले असतात. त्यांनी पोत्याने कांदा चिरलेला असतो, पोहे भिजवून निथळत ठेवलेले असतात, चहाचे मोठे पातेले चढवलेले असते. भोंगा होऊन यंत्रे फिरू लागतात, तेव्हा यांचे निम्मे काम उरकलेले असते. ही कॅन्टीनची पाळी. मोटारीच्या सुट्या भागांपासून औषधांपर्यंत इथे काय काय तयार होते, याची यादी आमच्याकडचा शाळकरी मुलगाही घडाघडा सांगेल. रोज न चुकता तयार होणारे जेवण मात्र त्या यादीत नसते.

हे सांगायचे कारण असे, की निकालांचे दिवस आले म्हणजे चिंचवडमधल्या घराघरांत हल्ली एक नवे वाक्य ऐकू येते, "मला शेफ व्हायचंय." आजोबा पेनिसिलिनच्या कारखान्यात, वडील मोटारीच्या कारखान्यात, आणि मुलगा किंवा मुलगी म्हणते, शेफ. घरात क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी विचारते, "म्हणजे आचारीच ना?" मूल दुखावते. "आचारी नाही, शेफ!" आणि वाद जुंपतो तो शब्दावरून. पस्तीसेक वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. दोन्ही कामांत माणसांचे धंदे जवळून पाहायला मिळाले. त्यावरून मला वाटते, की या वादात दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर असतात.

'शेफ' हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ प्रमुख, नायक. स्वयंपाकघरातला प्रत्येक माणूस शेफ नसतो, जसा वर्कशॉपमधला प्रत्येक माणूस फोरमन नसतो. आणि आपल्याकडेही या कामाला मान नव्हता असे नाही, निदान गोष्टींत तरी. अज्ञातवासात भीमाने विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव नावाने नोकरी धरली, म्हणून तर चांगल्या स्वयंपाक्याला आपण अजून बल्लवाचार्य म्हणतो. नळराजा ऋतुपर्णाकडे बाहुक होऊन राहिला आणि दमयंतीला त्याची खूण पटली त्यात त्याच्या हातच्या चवीचाही वाटा होता. पण जरा बारकाईने पाहा. दोघेही राजकुळातले, वेळ वाईट आली म्हणून चुलीपुढे बसलेले. संकट टळल्यावर दोघांनीही झारा खाली ठेवला. स्वयंपाक हा वेषांतराचा धंदा झाला, आयुष्याचा नव्हे. आजच्या आईवडिलांच्या मनात नेमके हेच असते. वेळ आली तर करावे, पण मुद्दाम जाऊन कशाला?

आता या पट्ट्याचा इतिहास थोडा आठवू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने इथल्या माळरानावर आले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. पुढे पट्टा उत्तरेला सरकला. ज्या चाकणचे नाव १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेल्या किल्ल्यामुळे इतिहासात होते आणि कांद्या-बटाट्याच्या बाजारामुळे घराघरांत, तिथे १९९९ मध्ये बजाजचा नवा कारखाना आला, २००९ मध्ये मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन आल्या.

कारखान्यांबरोबर चुलीही आल्या, आणि त्या कोणाच्या दयेने नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन चालवण्याची सक्ती करण्याचा अधिकार राज्यांना दिला. जेवण काय असावे, दर काय असावा, व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी कसे असावेत, कोणता खर्च पदार्थांच्या किमतीत न धरता मालकाने सोसावा, हे सारे नियमांत आणण्याची तरतूद त्यात होती. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत ही मर्यादा शंभर कामगारांवर आणली गेली, आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही मोजायचे ठरले. थोडक्यात, यंत्राला तेल आणि माणसाला जेवण या दोन्ही गोष्टी कारखान्याच्या हिशेबात आल्या.

या जेवणामागे कसब किती लागते, याचा अंदाज घरच्या चार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आपल्याला येत नाही. हजार माणसांचे साधे जेवण घ्या. माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरले तर ८० किलो तांदूळ. माणशी तीन पोळ्या म्हणजे तीन हजार पोळ्या. पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर ९० किलो. इथवरचे गणित चौथीतले. पण चौघांची आमटी अडीचशेने गुणली म्हणजे हजारांची आमटी होत नाही. मोठ्या पातेल्यात आतल्या ऐवजाच्या मानाने वरचा उघडा भाग कमी असतो, त्यामुळे वाफ होऊन जाणारे पाणीही कमी. घरच्या प्रमाणात पाणी ओतले तर आमटीचे कढण होते. मसाल्याचेही तेच. भाताचा मोठा टोप आचेवरून उतरवला तरी स्वतःच्याच उष्णतेने आत शिजत राहतो, म्हणून तो कधी उतरवायचा हे कळावे लागते. उरलेला भात तसाच कोमट ठेवला तर त्यात बॅसिलस सिरिअस नावाचे जंतू वाढतात. त्यांची बीजे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा टप्पा धोक्याचा मानतात, आणि गरम अन्न त्याच्या वर, थंड अन्न त्याच्या खाली ठेवतात. कारखान्यात एखादा सुटा भाग बिघडला तर बाजूला काढून ठेवता येतो. आमटी बिघडली तर अर्ध्या तासात हजार माणसे ताट घेऊन रांगेत उभी राहणार असतात.

आणि हा नुसता हाताचा गुण नाही, शिस्तही आहे. आधुनिक हॉटेलांच्या भटारखान्याची मांडणी ज्याने बसवली तो ऑग्यूस्त एस्कॉफिए हा फ्रेंच स्वयंपाकी १८७० च्या युद्धात सैन्यासाठी स्वयंपाक करत होता. पुढे १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्याने कामाची पलटणीसारखी वाटणी केली. एकाकडे सॉस, एकाकडे भाजणे, एकाकडे थंड पदार्थ, आणि सगळ्यांवर एक नायक. आजही पंचतारांकित हॉटेलात कॉमी, शेफ द पार्ती, सू शेफ, एक्झिक्युटिव्ह शेफ अशी चढती पायरी असते. आमच्या पट्ट्यातल्या भाषेत सांगायचे तर अप्रेंटिस, ऑपरेटर, सुपरवायझर, मॅनेजर. भटारखान्यात 'मीझाँ प्लास' म्हणतात, म्हणजे काम सुरू होण्याआधी प्रत्येक वस्तू चिरून, मोजून, आपल्या जागी. जपानी पद्धतीचे 'फाइव्ह एस' ज्या घरातल्या माणसाने कंपनीत शिकले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आधी आलेला माल आधी वापरायचा, हा नियम तर स्टोअरमध्ये आणि कोठीत अक्षरशः एकच.

म्हणजे ज्या पट्ट्याने साऱ्या महाराष्ट्राला हातातल्या कसबाचा मान शिकवला, फिटर-टर्नरच्या घरात स्वतःचे घर आणि स्कूटर आणली, त्याच पट्ट्याला भटारखान्यातला कामगार ओळखू येत नाही. का येत नसावा? मला त्याचे एक उत्तर बँकेत मिळाले.

१९८८ च्या सुमारास मी ज्या शाखेत होते, तिथे एक बाई कर्ज मागायला आल्या. नवरा कंपनीत, आणि या घरी एकट्या राहणाऱ्या कामगारांची खानावळ चालवीत. दोन वेळा मिळून साठ-सत्तर ताटे. त्यांना कणीक मळायचे यंत्र हवे होते, मोठी भट्टी हवी होती, आणि तांदूळ-डाळ हंगामात एकदम भरायला थोडी रोख रक्कम. अर्जात 'व्यवसायाचा अनुभव' असा रकाना होता. त्यांनी विचारले, "इथं काय लिहू? लग्न झाल्यापासून?" वरिष्ठांनी यंत्राचे कर्ज मंजूर केले, कारण यंत्र तारण राहू शकते. धान्याच्या रकमेला नकार आला. लेथ गहाण ठेवता येतो, हाताची चव गहाण ठेवता येत नाही, हा बँकेच्या पुस्तकातला नियम होता. बाईंनी यंत्राचे हप्ते एकही न चुकवता फेडले.

अशा बायका एकट्यादुकट्या नव्हत्या. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी गिरणी कामगारांच्या पिढ्या पोसल्या. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर छोट्या धंद्यांना कर्जाचे दार किलकिले झाले, आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या बायकांना एकत्र आणले, सावकाराकडून बँकेकडे वळवले. तिथे पहिल्यांदा खानावळ हा 'व्यवसाय' म्हणून कागदावर आला. त्याआधी ते बाईमाणसाचे घरकाम होते, फक्त जरा जास्त माणसांचे. घरात फुकट होणारे काम बाहेर मोलाचे वाटत नाही, हेच ते उत्तर.

त्या खानावळवाल्या आजींशी माझे येणे-जाणे राहिले. मुलगा आयटीआय करून टर्नर झाला, चाकणला लागला, खानावळ बंद झाली. आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. दोन वर्षांपूर्वी बारावी झालेल्या नातीने घरात तेच नवे वाक्य उच्चारले. वडील गप्प बसले. कडाडल्या त्या आजीच. "मी चुलीपुढून उठावं, पोरीला बसावं लागू नये, म्हणून तर सगळं केलं. आणि ही पैसे भरून बसायला निघाली!" मला मध्यस्थीला बोलावले. नात मला म्हणाली, "काकू, आजीला कोणी पगारी रजा दिली नाही, प्रमोशन दिलं नाही, म्हणून ती असं म्हणते. मला ते मिळणार आहे." आजी म्हणाल्या, "मिळणार आहे का, ते आधी बघून ये." दोघींचेही बोलणे मला खोटे ठरवता येईना.

कारण या क्षेत्राला दोन चेहरे आहेत. एक दूरदर्शन संचाच्या पडद्यावरचा. १९९३ मध्ये संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला आणि पांढऱ्या कोटातला हसतमुख माणूस आपल्या बैठकीत आला. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नागपूरच्या विष्णू मनोहरांनी मराठी पदार्थ घेऊन मराठी घरांत तीच जागा मिळवली. मुलांच्या डोळ्यांसमोर हा चेहरा असतो. दुसरा चेहरा पडद्यामागचा. नवा मुलगा भटारखान्यात गेला, की पहिले काही महिने कांदा सोलणे, कोळंबी साफ करणे, शीतकपाट पुसणे. दहा-बारा तास उभे राहणे, भट्टीची धग, हातावर चटक्यांचे डाग. सगळ्यांची दिवाळी, ती याची सर्वांत मोठी पाळी. सुरुवातीचा पगार आयटीआय करून कंपनीत लागलेल्या भावाशेजारी ठेवला तर मन खट्टू करणारा. ही पहिली तीन-चार वर्षे जो तरतो, तो पुढे चांगला जातो. हॉटेलांत, जहाजांवर, परदेशात. पण त्या वर्षांचा अंदाज घरच्यांना असला पाहिजे.

वाटाही नीट पाहाव्यात. दादरचे हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण देणारे महाविद्यालय १९५४ पासून आहे. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले. १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदेमार्फत अशा संस्थांची पदवीसाठी देशभरची प्रवेशपरीक्षा होते. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे, आमच्या ताथवड्याला खासगी महाविद्यालय आहे. आणि अनेकांना माहीत नसते, की आयटीआयमध्ये 'फूड प्रॉडक्शन' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, दहावीनंतर. एक मात्र जुनी बँकवाली म्हणून सांगते. पदवीला प्रवेश घेतला म्हणजे फक्त स्वयंपाक शिकवतात असे नाही. वाढप, स्वागतकक्ष, खोल्यांची निगा हेही विषय असतात. आणि शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित योजनेत शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो. त्या वर्षी मूल शेफ नसते, कॉमी असते. हप्ता त्या पगारातून जाणार आहे, पडद्यावरच्या शेफच्या पगारातून नव्हे. फी ठरवताना हा हिशेब कागदावर मांडावा.

या पट्ट्यातल्या मुलांना आणखी एक वाट आहे, आणि ती त्यांना दिसत नाही, कारण ती फार जवळ आहे. औद्योगिक कॅन्टीन. इथे तारांकित झगमगाट नाही. पण पाळ्या ठरलेल्या, माणसे ठरलेली, आणि हजारोंच्या स्वयंपाकाचा अनुभव, जो मोठ्या हॉटेलातही सहजासहजी मिळत नाही. एका ताटात मराठी, उत्तर भारतीय, दाक्षिणात्य कामगाराला भावेल असे काही बसवायचे, जर्मन, जपानी, कोरियन साहेब आला तर त्यालाही उपाशी ठेवायचे नाही, आणि माणशी खर्च ठरलेल्या रुपयांच्या आत ठेवायचा. ही परीक्षा कोणत्याही पंचतारांकित शेफच्या तोंडचे पाणी पळवील.

अडचण आहे ती दर्जाची. बहुतेक कॅन्टीन आता कंत्राटावर चालतात. आचारी कंत्राटदाराचा, जेवण कंपनीचे. मग हा माणूस नेमका कोणाचा? प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० साली रेल्वेच्या कायद्याने बंधनकारक असलेल्या कॅन्टीनमधले कामगार रेल्वेचे कर्मचारी मानले गेले. १९९९ साली एका पेट्रोकेमिकल्स कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की असे कामगार कारखाना कायद्यापुरते कंपनीचे; इतर बाबतींत प्रत्येक ठिकाणची वस्तुस्थिती पाहावी लागेल. कायद्याची ही बारीक रेघ चुलीपुढच्या माणसाच्या आयुष्यात फार जाड असते. कंत्राट बदलले, की वीस वर्षे त्याच कढईपुढे उभा असलेला आचारी पुन्हा नवा उमेदवार होतो. त्याचे हात जुने, नोकरी नवी. मशिनवरच्या माणसाची सेवा मोजली जाते, ताटावरच्या माणसाचीही मोजली गेली, तर आमची मुले कॅन्टीनकडे करिअर म्हणून पाहतील. 'शेफ' शब्दाने जे काम होत नाही, ते सेवापुस्तकाने होईल.

म्हणून घरात हा विषय निघाला, तर शब्दावरून भांडू नये. मुलाला एखाद्या ओळखीच्या भटारखान्यात आठ दिवस पाठवावे, त्यात एक रविवार आणि एक सणाचा दिवस असावा. पाय सुजून घरी आल्यावरही तो उद्याच्या तयारीबद्दल बोलत असेल, तर अर्ज भरावा. जेवायचेही सुचत नसेल, तर रागावू नये. त्याला आवडते ते खाणे असेल, स्वयंपाक नसेल. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा एकदा दिंड्यांचा स्वयंपाक पाहावा. उघड्यावर, पावसात, शेकडो माणसांची पंगत वेळेवर कशी उठते, ते कोणत्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकापेक्षा बरेच काही सांगून जाते.

आजींच्या घरातला तंटा असा मिटला, की नातीने आधी आयटीआयचा एक वर्षाचा कोर्स करायचा. 'आयटीआय' ही तीन अक्षरे ऐकल्यावर टर्नर बापाचा चेहरा निवळला. त्याच्या दृष्टीने ती खात्रीची अक्षरे होती. सध्या ती महामार्गावरच्या एका हॉटेलात उमेदवारी करते. गेल्या दिवाळीत ती घरी नव्हती आणि आजी फराळाला बसल्या नाहीत, असेही झाले. पण अधूनमधून दोघींचे बोलणे ऐकावे असे असते. "शंभर माणसांच्या भाताला पाणी किती घालता ग तुम्ही?" नात लिटरमध्ये सांगते. आजी मनाशी तांब्यांत रूपांतर करतात आणि म्हणतात, "जास्त होतंय. तांदूळ कुठला? इंद्रायणी असेल तर कमी कर."

त्यांच्या घरी खंडेनवमीला वडिलांची हत्यारे पुजतात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, एक जुना पाना. या वर्षी पाट मांडला तेव्हा मी तिथे होते. नात कामावर होती. आजी आत गेल्या, तिची कापडात गुंडाळलेली लांब सुरी घेऊन आल्या, अंगठ्याने धार पाहिली आणि ती व्हर्नियरच्या शेजारी ठेवून तिला कुंकू लावले.